सातव्या रकान्यातली खूण

रंगमास्तरांनी पाहुण्याला पहिल्यांदा पाहिलं ती हकीकत ते जितक्या वेळा सांगत तितका पाहुणा उंच होत जाई. पहिल्या महिन्यात तो सहा फूट होता. वर्ष संपता संपता साडेसहा झाला. तिसऱ्या वर्षी तर तो दारातून कमरेत वाकून आत आला, त्याच्या पेटीमुळे जिन्यावरची ये-जा दुपारपर्यंत खोळंबली, आणि तो खिडकीपाशी उभा राहताच खोलीतला उजेड निम्म्यावर आला. त्यानं हात मिळवला तेव्हा मास्तरांची तीन बोटं आठवडाभर एकमेकांना सोडायला तयार नव्हती. पेटी म्हणजे अशी, की तिच्यात मास्तरांचं अख्खं कुटुंब कपाटासकट राहिलं असतं आणि वर एखादा भाडेकरू ठेवता आला असता. "आणि हसला," मास्तर सांगत. "बत्तीसच्या बत्तीस. माणूस कसला, टूथपेस्टची जाहिरात."

खरं तर पाहुणा मास्तरांच्या खांद्यालाही लागत नव्हता. एका हातात मूठ तुटलेली, दोरीनं बांधलेली लहानशी बॅग. दुसऱ्या हातात कामाचा परवाना ठेवलेलं प्लास्टिकचं पाकीट. मान इतकी बारीक की सदऱ्याची कॉलर तिच्याभोवती विहिरीच्या कठड्यासारखी उभी होती. दातही बत्तीस नव्हते, खालची डावीकडची एक दाढ गायब होती. हे मास्तरांनी पहिल्याच सेकंदाला टिपलं होतं, कारण मास्तर माणूस बघायला दातांपासून सुरुवात करत आणि बहुतेक वेळा तिथेच थांबत. पण जो माणूस आपल्या जागेवर येऊन बसला, त्याला आपल्या खांद्याएवढा कबूल करणं जड जातं. साडेसहा फुटी माणसानं ढकललं तर निदान पडण्यात काही अर्थ असतो.

जागा होती दातांच्या कारखान्यात. इमारतीच्या तळाशी नळ आणि फरश्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर मालकीणबाईंचा दवाखाना, आणि दुसऱ्यावर हा कारखाना. खाली मालकीणबाई दात काढत आणि वर त्यांची माणसं दात बनवत. गावभरच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे इथे येत, प्लास्टरवाला त्यांचे साचे ओतून काढी, भट्टीत चिनी मातीचे दात भाजले जात, आणि शेवटी मावशी ते कापसात गुंडाळून डब्यांत भरत. मावशी नात्यानं कुणाचीच मावशी नव्हती, पण चहा आणि बातम्या दोन्ही तिच्याकडेच मिळत.

या सगळ्याच्या मधोमध बावीस वर्षं रंगमास्तर होते. दात पांढरा असतो हे फक्त ज्यांना दातांशी काम पडलेलं नाही ते म्हणतात. मास्तरांकडे एक रंगपट्टी होती, तिच्यावर सोळा छटांचे सोळा नमुन्याचे दात ओळीनं बसवलेले. गिऱ्हाइकाच्या ओठाशी पट्टी धरायची, डोळे बारीक करायचे आणि सांगायचं, "नऊ." मग त्या रंगाचे थर दातावर चढवायचे. हे काम दिव्याखाली होत नाही. त्यासाठी उत्तरेची खिडकी लागते, जिच्यातून ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर एका चालीनं चालतो. कारखान्यात तशी खिडकी एकच होती आणि तिच्याखालचं टेबल मास्तरांचं होतं. त्या टेबलाच्या कडेला मास्तरांच्या कोपरानं बावीस वर्षांत एक खळगा पाडला होता. एवढी जायदाद पुष्कळ राजांनाही नसते, असं मास्तरांचं मत होतं.

आता खेदाची गोष्ट अशी, की पाहुण्याला या टेबलावर आणून बसवणारे खुद्द मास्तरच.

मालकीणबाईंना कागदांची धास्ती होती. कुणाच्याही तोंडात हात घालताना त्यांना काही वाटत नसे, पण सरकारी अर्ज दिसला की त्या हातमोजे शोधू लागत. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. त्यामुळे रंगाच्या कामाबरोबर सगळा पत्रव्यवहार त्यांच्याकडे आला होता, आणि मालकीणबाई "मास्तर, कुठं सही करू?" एवढंच विचारत. परदेशातून माणूस आणायचा तर मालकानं आधी लिहून द्यावं लागतं, की आम्ही जाहिरात दिली, शोधाशोध केली, पण लायक माणूस इथे मिळाला नाही. मास्तरांनी ते लिहून दिलं. "उक्त कामासाठी योग्य व्यक्ती या आस्थापनेत अथवा या शहरात उपलब्ध नाही." उक्त काम म्हणजे नव्या भट्टीचं काहीतरी असणार, असा त्यांचा समज. त्यांनी ते वाक्य दोनदा तपासलं, पण फक्त शुद्धलेखनासाठी.

उक्त काम म्हणजे पुढच्या दातांचा रंग, हे त्यांना कळलं ते पाहुणा खिडकीपाशी बसला त्या दिवशी. मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही आतल्या टेबलावर या. दाढा तुम्ही बघा. दाढांनाही रंग लागतोच की."

दाढांना रंग लागतो, पण दाढा बघतं कोण? जांभई देणारा माणूस आणि त्याच्या समोर बसलेला दुर्दैवी. भट्टीच्या शेजारी, ट्यूबलाइटखाली बसून मास्तर दाढा रंगवू लागले, आणि त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढची तीन वर्षं थांबलं नाही.

दुखण्याचं कारण नुसतं टेबल असतं तरी चाललं असतं. पण पाहुणा पट्टी वापरत नसे. हा खरा अपमान. तो गिऱ्हाइकाकडे बघत खालचा ओठ चावत बसे, मिनिटभर, दोन मिनिटं, आणि मग काही न बोलता सातव्या आणि आठव्याच्या मधला कुठलातरी रंग करी, जो पट्टीवर नव्हताच. गिऱ्हाईक आरशात बघून विचारी, "यातला नवा कुठला?" बावीस वर्षांत मास्तरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मास्तरांचा दात सगळ्यांना लगेच कळे.

"सोळा छटा काय मूर्खांनी ठरवल्यात?" मास्तर मावशीला विचारत.

"मूर्खांनी कशाला, दमलेल्या माणसांनी ठरवल्या असतील," मावशी म्हणे. "सोळापर्यंत आले आणि जेवायची सुट्टी झाली."

मास्तरांनी पाहुण्यासारखा ब्रश आणला. ओठ चावून पाहिला, तो दोन दिवस सुजला. पाहुणा दुपारी डोळे मिटून दहा मिनिटं बसतो हे पाहून तेही डोळे मिटून बसले, आणि चार वाजता प्लास्टरवाल्यानं त्यांना हलवून उठवलं. पाहुण्याला तीन वर्षांत सगळे इथलेच समजू लागले होते. तो इथली भाषा बोले, भाजीवाल्याशी घासाघीस करी. पण मास्तर त्याला पाहुणाच म्हणत राहिले आणि मग सगळेच म्हणू लागले. पाहुणा म्हटलं की तो कधीतरी जाणार, एवढा आधार त्या शब्दात होता.

घरी तर विषयच नको. मास्तरांच्या बायकोला सगळा कारखाना वहिनी म्हणे. वहिनी रोज संध्याकाळी दार उघडून विचारत, "आज काय केलं त्यानं?"

"कुणी?"

"तुमच्या कपाळावर जो बसलाय, त्यानं."

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वहिनींचा पुढचा दात नळाच्या तोटीवर आपटून तुटला होता. मास्तरांनी स्वतः बसून, सात दिवस घालवून, नवा केला. पट्टीवरची तीन नंबरची छटा. त्यांच्या मते ते त्यांचं सर्वांत उत्तम काम होतं. बाहेरच्या लोकांना ते दाखवायची त्यांना फार इच्छा होती, पण वहिनींना हसताना तोंडावर हात ठेवायची सवय. मास्तरांना वाटे, स्वभाव लाजरा आहे.

एका रविवारी सकाळी वहिनी बहिणीशी फोनवर बोलत होत्या. पलीकडून काहीतरी विनोद झाला आणि वहिनी मान मागे टाकून खदखदून हसल्या. मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला. काहीतरी कमी होतं आणि काय ते त्यांना सुचेना. फोन संपल्यावर ते म्हणाले, "हात कुठंय?"

"कसला हात?"

"हसताना तोंडावर ठेवतेस तो."

"तो आता लागत नाही," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

मास्तर उठले. त्यांनी वहिनींना खिडकीशी नेलं, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि डोळे बारीक केले. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी बोट ठेवलं. "हा. हा बदललाय."

"तो माझा आहे," वहिनी म्हणाल्या. "जन्मापासूनचा."

"मग हा."

"तोही माझाच. चार महिने झाले, अहो. मावशी म्हणाली होती आठ दिवसांत ओळखतील, मी म्हटलं एक दिवसात. दोघीही हरलो."

झालं होतं ते असं. वहिनी एकदा मास्तरांचा विसरलेला चष्मा द्यायला कारखान्यात गेल्या होत्या. पाहुण्यानं त्यांच्याकडे बघून ओठ चावला. आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मावशीला विचारलं, की मास्तरांच्या घरचं माणूस हसताना दात का झाकतं. मग एका दुपारी खालच्या दवाखान्यात मालकीणबाईंनी जुना दात काढला आणि आठवड्यानं नवा बसवला. मास्तर वर दाढा रंगवत होते.

"माझ्या दातात काय वाईट होतं?" मास्तरांनी विचारलं.

"वाईट काहीच नव्हतं. तो पंचविशीतला होता आणि पंचविशीतच राहिला. बाकीचे माझ्याबरोबर म्हातारे झाले. तो एकटाच न्हाणीतल्या नव्या फरशीसारखा चमकत बसायचा."

"मग सांगायचं नाही मला?"

"वीस वर्षं हात तोंडावर ठेवून सांगत होते."

मास्तरांनी पेपर पुन्हा वर घेतला. तो उलटा होता हे वहिनींनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मत्सराला घरातही मुक्काम मिळाला. दुसऱ्या पुरुषानं केलेला दात घेऊन आपली बायको आपल्याकडे बघून हसते, हे दुःख सांगायचं कुणाला? सांगितलं तरी समोरचा आधी म्हणणार, बघू कुठला.

आणि मग एका सोमवारी पाहुण्यानं राजीनामा दिला. परवान्याची अजून दोन वर्षं बाकी होती, पण तो म्हणाला, घरी जायचंय. महिन्याची मुदत देऊन जातो.

मास्तरांनी त्या दिवशी एका दाढेवर चुकून इतका सुंदर रंग चढवला की प्लास्टरवाला बघायला आला.

परदेशी माणूस कामावरून जातो तेव्हा मालकाचं काय काय लागतं, याची परवाना कार्यालयाची एक पुस्तिका होती. मालकीणबाईंनी ती चिमटीत धरून मास्तरांकडे दिली. पूर्वी मास्तरांनी असा कागद चार दिवस दाबून ठेवला असता. ही पुस्तिका त्यांनी घरी नेली आणि चहा पिता पिता वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवली. शेवटचा दिवस ठरला की दहा दिवसांच्या आत कार्यालयाला कळवायचं. त्याची शिल्लक रजा आणि पगार चुकता करायचा. पारपत्र अडकवून ठेवायचं नाही. देशात आणखी किती दिवस राहता येईल हे त्याला समजावून सांगायचं. केलेल्या कामाचं पत्र द्यायचं. कार्यालयाची पोच येईपर्यंत तो माणूस कागदोपत्री आपलाच.

"आणि मालकानं त्याला मुदतीआधी काढलं असेल, तर घरी जायचं तिकीट मालकानं द्यायचं."

"पण तुम्ही त्याला कुठं काढताय? तो स्वतः चाललाय."

"मी नियम वाचतोय."

"वाचा की. चेहरा मात्र लग्नपत्रिका वाचताय असा झालाय."

अर्ज भरायला मास्तर मुद्दाम लवकर कारखान्यात गेले. सगळे रकाने सुबक अक्षरात भरत ते सातव्यावर आले. "काम संपण्याचे कारण." पुढे तीन चौकोन. कर्मचारी स्वेच्छेने गेला. करार संपला. मालकाने कामावरून कमी केले.

पेन पहिल्या चौकोनावर गेलं आणि थांबलं. स्वेच्छेने गेला. म्हणजे त्याच्या मनात आलं तेव्हा आला, टेबल घेतलं, पट्टीला नाक मुरडलं, घरात दात ठेवला, आणि मनात आलं तेव्हा गेला. मागे उरले ते कोण? ज्यांना सोडून गेला ते. तीन वर्षांपूर्वी लिहून दिलं होतं की आमच्याकडे लायक कोणी नाही. आता लिहायचं की तो लायकही आम्हाला सोडून चालला. कुठेतरी, एका तरी सरकारी कपाटात, एवढी नोंद नको का असायला, की आम्हीच याला नको म्हटलं?

मास्तरांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली. इतकी दाबून, की ती खालच्या दोन प्रतींवरही उमटली.

"मास्तर, कुठं सही करू?" मालकीणबाईंनी विचारलं.

"इथं," मास्तर म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस त्यांच्या आयुष्यातले सुखाचे होते. पाहुणा जेवायला उठला की ते खिडकीच्या टेबलाशी जाऊन आपला जुना खळगा कोपरानं चाचपत. खळगा तसाच होता. त्यांनी पट्टी व्हिनेगरनं धुतली. तिकिटाचं कलम त्यांच्या डोक्यातून साफ गेलं होतं. मत्सरी माणसाला नियम पाठ असतात, फक्त स्वतःला लागू होणारा तेवढा आठवत नाही.

कार्यालयाला मात्र आठवला. एके दिवशी दुपारी तिथल्या अधिकारी बाई फाइल घेऊन वर आल्या. मालकीणबाईंच्या छोट्या खोलीत खुर्च्या दोनच, त्यामुळे मास्तर उभे राहिले आणि पाहुणा दाराला टेकून.

"मुदतीच्या दोन वर्षं आधी तुम्ही यांना काढलंय," बाई म्हणाल्या. "तिकीट दिल्याचा पुरावा हवाय, आणि कारण."

"काढलंय?" मालकीणबाई म्हणाल्या. "कुणी?"

बाईंनी अर्ज पुढे केला. मालकीणबाईंनी तो हातमोज्यांशिवाय घेतला आणि सातवा रकाना वाचला. मग सही वाचली, ती त्यांचीच होती. मग मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या जबड्याच्या तक्त्याकडे बघत होते.

"तुम्हाला काढलं का?" अधिकारी बाईंनी पाहुण्याला विचारलं. "नीट सांगा. ही खूण राहिली तर पुढे तुम्ही कुठल्याही देशात अर्ज केलात तरी विचारतील."

पाहुण्यानं अर्ज पाहिला. "मास्तरांनी लिहिलंय," तो म्हणाला. "मास्तर लिहितात ते बरोबर असतं. त्यांचं अक्षर चांगलं आहे."

"अक्षराचं नाही विचारत मी." बाईंनी फाइल उलटली. "हे बघा, तीन वर्षांपूर्वीचं. याच अक्षरात. या कामासाठी योग्य व्यक्ती या शहरात उपलब्ध नाही. आणि आता काढून टाकता. म्हणजे योग्य व्यक्ती मिळाली असं समजायचं?"

बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"मिळाली का? कोण?"

तीन वर्षं मास्तर ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हाच. सरकार स्वतः जिना चढून आलं होतं आणि विचारत होतं, कोण. उत्तर एका अक्षराचं. मास्तरांनी मान वर केली, घसा साफ केला आणि सवयीनं आधी बाईंच्या दातांकडे पाहिलं.

वरचा, उजवीकडचा, पुढचा. पट्टीवरचा पाच नंबर. शेजारचे सगळे साडेपाच, पावणेसहा, आणि हा ठाम पाच, परेडमध्ये एकट्यानंच बूट चकचकीत करून आलेल्या शिपायासारखा. आपलं अक्षर ओळखावं तसा मास्तरांनी तो ओळखला. दहा-अकरा वर्षं झाली असतील. बाई उत्तराची वाट बघत थोड्या हसल्या, आणि हसताना त्यांनी फाइल तोंडासमोर धरली.

"नाही मिळाली," मास्तर म्हणाले.

"मग?"

"तो स्वतःहून चाललाय. राजीनामा आहे, दाखवतो. खूण मी चुकीची केली."

"पडली की केली?"

"केली."

"का?"

मास्तरांनी पाहुण्याकडे पाहिलं. तो ओठ चावत होता. "तो चांगलं काम करतो म्हणून," मास्तर म्हणाले. एवढं वाक्य बोलायला त्यांना जो त्रास झाला तो अक्कलदाढ काढतानाही होत नाही.

अधिकारी बाईंनी कोरा कागद काढला. "असं कारण आमच्या यादीत नाही. 'चुकून' लिहा, आणि खाली दोघांच्या सह्या करा."

त्या गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "मास्तर, पंचवीस वर्षं मी न वाचता सही करतेय."

"हो."

"यापुढे वाचणार." आणि थोड्या वेळानं, "त्याच्या कामाचं पत्र राहिलंय. ते तुम्हीच लिहा. तीही मालकाची जबाबदारी आहे, आणि या वेळी मी शुद्धलेखन सोडून बाकीचं तपासणार."

ते पत्र लिहायला मास्तरांना तीन दिवस लागले. पहिल्या मसुद्यात पाहुण्याचं काम "ठीक" होतं. दुसऱ्यात "समाधानकारक" झालं आणि त्याच्यावर मास्तरांची झोप उडाली. तिसऱ्यात त्यांनी "वक्तशीर" घातलं, कारण वक्तशीरपणाचा त्यांना कधी मत्सर वाटला नव्हता. घरी वहिनींनी विचारलं, "एवढं काय अवघड आहे? चांगला होता, लिहून टाका." आणि त्या हसल्या. मास्तर बघत राहिले. आता नवा दात कुठला ते त्यांना माहीत होतं, तरी तो वेगळा दिसत नव्हता.

शेवटी मालकीणबाईंसमोर जे पत्र आलं त्यात तारखा होत्या, हुद्दा होता, आणि खाली एकच वाक्य. "मी पंचवीस वर्षे दातांचे रंग जुळवतो, यांनी केलेला दात मी माझ्या पत्नीच्या तोंडात चार महिने ओळखू शकलो नाही."

मालकीणबाईंनी ते दोनदा वाचलं. "सरकारी पत्रात असं लिहितात?"

"खोटं आहे का?"

"नाही. आम्ही सगळेच वाट बघत होतो, तुम्ही कधी ओळखता त्याची." त्यांनी सही केली आणि शिक्का मारला.

शेवटच्या दिवशी पाहुण्यानं ब्रश एका पायमोज्यात गुंडाळले, टेबल पुसलं आणि किल्ली मास्तरांच्या हातात दिली. पत्र त्यानं सावकाश वाचलं आणि घडी घालून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलं. मग म्हणाला, "टेबल तुमचंच होतं. तीन वर्षं मागून बघत होतात. माझ्या मानेला कळायचं."

"राग यायचा तुझा," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे. मी इथं सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचो. माझ्याकडे तुम्ही एकटेच बघायचात. रोज." त्यानं बॅगेच्या दोरीची गाठ ओढून पाहिली. "एका रविवारी तापानं पडून होतो, तेव्हा वाटलं, सोमवारी गेलो नाही तर फक्त मास्तरांना कळेल."

तेवढ्यात वहिनी आल्या. पाहुण्यासाठी त्यांनी नवी बॅग आणली होती, मूठ धड असलेली. त्या हसल्या आणि पाहुण्यानं त्यांच्याकडे न बघता दाताकडे पाहिलं, मान थोडी तिरकी करून, खिडकीच्या उजेडात. मावशीला रडू आलं. प्लास्टरवाल्यानं बॅग खाली नेली. जिन्यात सगळे गोळा झाले, मालकीणबाई दवाखाना अर्धवट टाकून बाहेर आल्या, खुर्चीतला पेशंटही तोंडात कापूस घेऊन हात हलवत होता. मास्तर वरून बघत उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, की आपण पंचवीस वर्षं रोज हा जिना उतरतोय, एकदाही कुणी पोचवायला आलं नाही.

कार्यालयाची पोच पाच महिन्यांनी आली. सातव्या रकान्यात दुरुस्ती केल्याचा उल्लेख होता. पाहुणा घरी गेल्यावर मेव्हण्याच्या टायरच्या दुकानात बसू लागला, तिथे कामाचं पत्र कुणी मागितलं नाही. मालकीणबाईंनी परदेशातून माणूस पुन्हा मागवला नाही. त्यांनी रंग ओळखणारं यंत्र घेतलं आणि मास्तरांच्या आतल्या टेबलावर ठेवलं. त्याला खिडकी लागत नाही. खिडकीजवळच्या टेबलावर आता रिकामे डबे ठेवतात.